धातूंचीं कुळें : कोरणें, कापणें व एक स्पॅनिश क्रियापद

या सदराच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांचे चिरंजीव स्पॅनिश भाषा शिकत आहेत. एका गोष्टीचें इंग्रजींत भाषांतर करावयास त्यांस दिलें होतें. तींत एक खेडवळ वृद्ध आपल्या तरुणपणची हकीकत सांगतांना म्हणतो कीं, अमुक सालीं मला कचेरींत नेलें व तेथें माझें 'ताल्यार' केलें. चिरंजीवांनीं कोश उघडला. पहिलाच अर्थ होता 'कार्व्ह', म्हणजे कोरणें. त्यांनीं सरळ 'मला कोरलें' असें इंग्रजींत उतरविलें. वर्गांत हंशा पिकला आणि गुणहि गेले. मातोश्रींची तक्रार अशी कीं, कोशांत जो अर्थ पहिला दिला होता तोच मुलानें लिहिला, मग दोष कोणाचा? आणि ज्या क्रियापदाचा अर्थ कोरणें, त्याचेच अर्थ माणसाची उंची मोजणें, पत्ते वाटणें, कपडे घासणें असे कसे होऊं शकतात? ही भाषा आहे कीं बहुरूपी?

तक्रार रास्त आहे. 'बहुरूपी' हा शब्दहि त्यांनीं फार चांगला योजिला. कारण बहुरूपी सतरा सोंगें आणीत असला तरी सोंगाखालचा मनुष्य एकच असतो. तो मनुष्य कोण हें प्रथम पाहूं.

लॅटिन भाषेंत 'तालेआ' असा शब्द आहे. झाडाची तोडलेली काठी, लावणीसाठीं कापलेलें कलम, दांडकें असा त्याचा अर्थ. या काठीपासून पुढें कापणें या अर्थाचें क्रियापद निघालें, आणि रोमचें राज्य मोडल्यावर त्या लॅटिनच्या ज्या लेकी नांदूं लागल्या त्या प्रत्येकीच्या घरीं तें गेलें. इटालियनमध्यें त्याचें रूप 'ताल्यारे', पोर्तुगीजमध्यें 'तल्यार', फ्रेंचमध्यें 'ताये'. स्पॅनिशमध्यें मात्र एक मौज झाली आहे. लॅटिनमधील 'लि' किंवा 'ले' यापुढें स्वर आला असतां इटालियनमध्यें त्याचा 'ल्य' होतो आणि स्पॅनिशमध्यें 'ख' होतो. मुलगी या अर्थाचा लॅटिन शब्द 'फीलिया'. तो इटालियनमध्यें 'फील्या' आणि स्पॅनिशमध्यें 'ईखा'. भुसा या अर्थाचा 'पालेआ'. तो इटालियनमध्यें 'पाल्या' आणि स्पॅनिशमध्यें 'पाखा'. या नियमानें आपल्या क्रियापदाचें स्पॅनिश रूप 'ताखार' असेंच व्हावयास पाहिजे, आणि तसें तें आहेहि. मग 'ताल्यार' कोठून आलें? अर्थात् शेजाऱ्याच्या घरून. इटालियनमधून किंवा स्पेनच्याच पूर्व किनाऱ्यावरील कॅटलान भाषेमधून. म्हणजे 'ताखार' हें त्या घरांत जन्मलेलें मूल आणि 'ताल्यार' हें दत्तक आलेलें. (आज स्पेनांतील व अमेरिकेंतील बहुतेक लोक 'तायार' असाच उच्चार करितात, कुळ ओळखतां यावें म्हणून मी येथें जुना उच्चार ठेवितों.)

एका घरांत एकाच नांवाचीं दोन मुलें असलीं म्हणजे कामें वांटून द्यावीं लागतात. घरच्या 'ताखार'कडे सुरी, तलवार व स्वयंपाकघर आलें. कलिंगडाची किंवा मांसाची फोड ती 'ताखादा'. तलवारीचा वार तो 'ताखो'. उभा तुटलेला कडाहि 'ताखो'च. दक्षिण स्पेनांत रोंदा म्हणून एक गांव अशा एका खिंडीच्या दोन्ही कांठांवर वसलेलें आहे. खिंड सुमारें शंभर मीटर खोल असून तिच्यावरचा दगडी पूल १७९३ सालीं पुरा झाला. तेथील लोक त्या खिंडीला नुसतें 'ताखो' म्हणतात. जणूं कोणीं डोंगरावर तलवार चालविली! दत्तक आलेल्या 'ताल्यार'ला मात्र कारागिराचें दुकान मिळालें, आणि पुढची सारी भानगड या दुकानांतच सुरू होते.

या दुकानांतलें पहिलें काम लांकडाचें. स्पेन हा देश दगडी मूर्तींपेक्षां लांकडी मूर्तींसाठीं अधिक नांवाजलेला आहे. सतराव्या शतकांत सेव्हिल येथें हुआन मार्तीनेस मोन्तान्येस (१५६८-१६४९) हा मूर्तिकार झाला. त्याला लोक 'लांकडाचा देव' म्हणत. अशा मूर्तीला 'ताल्या', म्हणजे कोरीव वस्तु, हेंच नांव आहे. लांकडाचे ठोकळे जोडून, तडकूं नयेत म्हणून आंतून पोकळ करून मूर्ति कोरीत, तिच्यावर पांढऱ्या लुकणाचे थर देत, मग रंगकाम. परंतु कोरणारा एक आणि रंगविणारा दुसरा, कारण दोघांचे संघ निराळे होते. मोन्तान्येसच्या मूर्ति फ्रान्सिस्को पाचेको यानें रंगविल्या आहेत. प्रसिद्ध चित्रकार बेलास्केस याचा हा गुरु व सासरा. कांहीं मूर्तींचें मात्र मुख व हातच तेवढे कोरलेले असतात आणि बाकीचा सांगाडा भरजरी वस्त्रांनीं झांकतात. ज्यांच्या घरीं भाद्रपदांत मुखवट्याच्या उभ्या गौरी बसतात त्यांस हा प्रकार समजावून सांगावयास नको.

याच सेव्हिलच्या एका मूर्तिकाराची कन्या लुईसा रोल्दान (१६५२-१७०६) हिची हकीकत आमच्या वाचक भगिनींनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बापाच्या कारखान्यांत ती शिकली, पुढें माद्रिदला गेली आणि १६९२ सालीं स्पेनचा राजा दुसरा कार्लोस यानें तिला दरबारची मूर्तिकार नेमिलें. मान मिळाला, वेतन मात्र वेळेवर मिळेना. मुलेंबाळें उपाशी आहेत, राहण्यास जागा द्या, असे अर्ज तिनें राजाकडे केले ते आजहि दप्तरांत आहेत. मरणापूर्वीं आपण निष्कांचन आहों असें तिला लिहून द्यावें लागलें. तिच्या हातच्या मूर्ति आज मोठमोठ्या संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत. राजाश्रय म्हणजे सुखाची ददात मिटली असें ज्यांस वाटतें त्यांनीं हे अर्ज वाचावे.

आतां पाहा, या 'ताल्यार'चें इंग्रजी कसें करावयाचें? लांकूड असेल तर 'कार्व्ह' ठीक. परंतु स्पॅनिश मनुष्य हिराहि 'ताल्यार' करितो, आणि तेथें इंग्रजींत 'कार्व्ह' चालत नाहीं. तेथें 'कट' म्हणावें लागतें. वास्तविक दोन्ही क्रियापदें हिऱ्यावर अन्यायच करितात. हिरा सुरीनें कापला जात नाहीं कीं पटाशीनें कोरला जात नाहीं. हिऱ्याचीच पूड लावलेल्या फिरत्या चकतीवर तो घासून घासून त्याच्या अंगावर सपाट पृष्ठें आणावीं लागतात. आमचें मराठी 'पैलू पाडणें' येथें दोघांहून सरस आहे. काय होतें तें तें बरोबर सांगतें. जगांतील बहुसंख्य हिऱ्यांना आज पैलू सुरतेस पडतात, तेव्हां या बाबतींत शब्दाची अचूकता आमच्या बाजूस असावी हें योग्यच आहे. दांतेरी चक्राचे दांते पाडणें यालाहि स्पॅनिशमध्यें 'ताल्यार'च. इंग्रजींत पुन्हा 'कट'. तात्पर्य, स्पॅनिशचें एक क्रियापद इंग्रजीच्या दोन घरांत विभागलें जातें.

याचें कारण इंग्रजीच्या इतिहासांत आहे. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत 'कार्व्ह'चें जुनें रूप हेंच कापणें या अर्थाचें सामान्य क्रियापद होतें. कांहींहि कापावयाचें असो, हाच शब्द. पुढें तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास 'कट' हा शब्द कोठून तरी पुढें आला. त्याचें मूळ पंडितांस अद्याप निश्चित करतां आलेलें नाहीं. या आगंतुकानें हळूहळू सगळें घर बळकाविलें, आणि जुन्या यजमानाकडे दोनच खोल्या राहिल्या : एक कोरीव कामाची, दुसरी जेवणाच्या मेजावर भाजलेलें मांस कापण्याची. हा जुना यजमान मोठ्या कुळांतला आहे. ग्रीकमध्यें लिहिणें या अर्थाचें 'ग्राफेइन' हें क्रियापद त्याचें सगोत्र. त्याचाहि मूळ अर्थ ओरखडणें असा आहे. आमच्या संस्कृतांतल्या 'लिख्' धातूचीहि तीच गोष्ट. लेखणीच्या आधीं अणकुची होती, कागदाच्या आधीं भूर्जपत्र व ताडपत्र. सुश्रुतानें शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत छेद्य म्हणजे तोडून काढणें, भेद्य म्हणजे फोडणें आणि लेख्य म्हणजे खरवडणें, असे भेद स्पष्ट केले आहेत. वैद्याच्या हातीं लेखन म्हणजे पत्र लिहिणें नव्हे! जो विद्यार्थी कोशांतला पहिला अर्थ उचलून सुश्रुत वाचील तो रोग्याच्या अंगावर बोरूनें अक्षरें काढीत बसेल.

मेजावरच्या मांसाचा उल्लेख आमच्या बहुतेक वाचकांस रुचणार नाहीं, परंतु शब्दाच्या मागें निघालें म्हणजे स्वयंपाकघरें निवडून चालत नाहीं. इंग्रजींत तेंहि 'कार्व्ह', पण स्पॅनिशमध्यें त्यासाठीं 'त्रिंचार' असें निराळेंच क्रियापद आहे. हें काम पूर्वीं खानदानी समजलें जाई. एन्रीके दे बिलेना नामक एका स्पॅनिश सरदारानें १४२३ सालीं राजाच्या पंक्तीस कापण्याची कला यावरच एक संपूर्ण ग्रंथ लिहून ठेविला, सुऱ्या कोणत्या व कशा ठेवाव्या यासुद्धां. आम्हांस यांत नवल वाटूं नये. आमच्या घरांत विळीवर बसणाऱ्या बाईपाशीं किती क्रियापदें असतात तीं मोजा : भाजी चिरणें, सुरण कापणें, नारळ खवणें, काकडी कोचवणें, गाजर किसणें, कैरीच्या फोडी करणें, बटाट्याच्या काचऱ्या करणें. एखाद्या परदेशी मुलीनें या सर्वांचें भाषांतर एकाच 'कट'नें केलें तर त्या दिवशींच्या कोशिंबिरीची काय अवस्था होईल?

आतां उंचीकडे येतों, कारण मूळ प्रश्न तोच आहे. कोरणें आणि उंची मोजणें यांत नातें काय? मूर्तिकार लांकडांतून आकृति काढतो. शिंपी कापडांतून अंगरखा बेततो. जें बेतलें तें माप, म्हणून 'ताल्या' म्हणजे कपड्याचें माप. ज्याच्यासाठीं बेतलें तें शरीर, म्हणून शरीराची घडण. आणि घडणीवरून शरीराची उंची. फ्रेंचमध्येंहि याच शब्दाचा प्रवास असाच झाला. तेथें 'ताय' म्हणजे काप, माप, उंची आणि कंबरहि. आमच्या भाषेंत यासाठीं 'बांधा' आहे, तो बांधण्यावरून. आणि दुसरा शब्द आहे 'अंगकाठी'. लॅटिन 'तालेआ'चा मूळ अर्थ काठी हा होता, हें आठवून वाचक क्षणभर थबकतील. नातें नाहीं, पण दृष्टि एक आहे.

या नामावरून परत क्रियापद झालें : 'ताल्यार', म्हणजे उंचीचें माप घेणें. तें शाळेंतल्या मुलाचें नव्हे, बाजारांतल्या कापडाचें नव्हे. सक्तीच्या लष्करभरतीसाठीं गांवांतील त्या वर्षींच्या तरुणांस एका उभ्या मापाच्या काठीखालीं उभें करीत, तें हें 'ताल्यार'. ठराविक उंचीहून जो कमी भरे तो सुटे. इतर जात लष्करांत, चिठ्ठ्या टाकून ज्यांचीं नांवें निघत ते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंताच्या मुलाला सुटण्याचा दुसरा मार्ग होता : सरकारांत रोख रक्कम भरावयाची, देशांतील चाकरीबद्दल १५०० पेसेता आणि सागरापलीकडील चाकरीबद्दल २०००. शेतमजुराची ती कित्येक वर्षांची मिळकत होय. म्हणून गरिबाच्या मुलाला सुटकेची वाट उरे ती शरीरांतील वैगुण्याचीच. १८९५ पासून १८९८ पर्यंत क्यूबांत युद्ध चाललें होतें, आणि तेथें तलवारीनें मेले त्यांहून पिवळ्या तापानें व इतर रोगांनीं मेले ते पुष्कळच अधिक. आपला मुलगा बोटभर ठेंगणा भरावा अशी प्रार्थना त्या काठीपुढें किती मातांनीं केली असेल! पुढें मोरोक्कोचें युद्ध आलें. १९०९ च्या जुलैमध्यें राखीव शिपायांस, म्हणजे बायकामुलें असलेल्या कामकऱ्यांस, पुन्हा बोलावूं लागले तेव्हां बार्सेलोना शहरांत दंगा उसळला. तो आठवडा स्पेनच्या इतिहासांत 'दुःखाचा आठवडा' म्हणून नोंदलेला आहे. रोख भरून संपूर्ण सुटण्याची पद्धत १९१२ च्या कायद्यानें बंद झाली. तरी पैसे भरून चाकरीची मुदत कमी करून घेण्याची सोय राहिलीच. १९२१ सालीं अन्वाल येथें स्पॅनिश फौजेचा जो संहार झाला त्यांत हजारों तरुण गेले. सक्तीची भरती स्पेनांतून अखेर उठली ती २००१ सालीं.

त्या काठीनें केलेल्या नोंदी मात्र एका निराळ्याच कामीं आल्या. एखाद्या पिढीचीं मुलें बाळपणीं पोटभर जेवलीं कीं नाहीं हें तिच्या सरासरी उंचीवरून कळतें. म्हणून स्पेनचे अर्थशास्त्रज्ञ इतिहासकार हीं जुनीं भरतीपत्रकें चाळून गरिबांच्या आहाराचा इतिहास लिहीत आहेत. बोलींतहि ती काठी उभीच आहे. एखादा मनुष्य कामास पुरा पडला तर 'त्यानें ताल्या दिली' असें स्पॅनिशमध्यें म्हणतात. आमच्यांत म्हणूं, तो कसोटीस उतरला.

तेव्हां गोष्टींतला वृद्ध 'माझें ताल्यार केलें' म्हणतो तेव्हां तो आपल्या आयुष्याची फाळणी कोणत्या दिवशीं झाली तें सांगत असतो. 'त्यांनीं मला कोरलें' हें तर चुकलेंच. पण 'त्यांनीं माझी उंची मोजली' एवढें लिहूनहि भागत नाहीं, कारण तें वाचून इंग्रज वाचकास दवाखाना आठवेल. 'लष्करभरतीसाठीं माझें माप घेतलें' असें फोड करून लिहिलें पाहिजे. आतां दोष कोणाचा? माझ्या मतें कोशाचा नाहीं, आणि मुलाचाहि थोडाच आहे. कोशांतील पहिला अर्थ म्हणजे सर्वांत खरा अर्थ नव्हे. कोणी जुन्यांत जुना अर्थ आधीं देतो, कोणी प्रचारांतला. मुलांना कोश हातीं देतांना ही एवढी गोष्ट कोणी सांगत नाहीं, आणि मग हंसणारे हंसतात. ज्यानें गुण कापले त्या शिक्षकानें कर्म कोणतें तें पाहावयास शिकविलें असतें तर बरें झालें असतें. संस्कृतांत उपसर्ग धातूला जसा वळवितो, 'हृ'चा आहार होतो, प्रहार होतो, विहार होतो, तसें येथें कर्म वळवितें. लांकूड कर्म असेल तर कोरणें, रत्न असेल तर पैलू पाडणें, माणूस असेल तर माप घेणें. माणूस हें कर्म दिसतांच त्या मुलानें हात आंखडावयास हवा होता.

पत्ते वाटण्याचें कोडें थोडक्यांत सुटतें. ज्या जुगारांत एक खेळाडू पेढीवाला होऊन इतरांच्या पणांस उत्तर देतो, त्या खेळांत पेढीवाल्यानें गड्डी हातीं घेऊन पानें काढणें यास 'ताल्यार' म्हणतात. फ्रेंच लोकहि त्यासाठीं आपलें 'ताये' वापरीत. गड्डींतून एकेक तुकडा कापून द्यावा तशीं पानें निघतात. इंग्रजीचें 'डील' तरी काय आहे? त्याचाहि मूळ अर्थ वांटे करणें हाच.

परंतु तालेआच्या इंग्रजी वंशजांत सर्वांत चमत्कारिक कथा 'टॅली'ची आहे. ज्या काळीं लिहिणारे थोडे होते त्या काळीं इंग्लंडच्या खजिन्यांत देण्याघेण्याचा हिशेब काठीवर खांचा पाडून ठेवीत. काठी मग उभी चिरीत. एक भाग देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. दोन्ही जुळवून पाहिलें कीं खोटेपणा तत्काळ उघडा पडे. ही पद्धत थेट १८२६ पर्यंत चालली. नंतर त्या काठ्यांचे ढीग नुसते पडून राहिले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं सरदारांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत त्या जाळावयास घेतल्या, भट्ट्या बेसुमार तापल्या, आणि पार्लमेंटची जुनी इमारत जळून खाक झाली. आज लंडनांत जी इमारत प्रवासी पाहतात ती त्यानंतरची. जुन्या हिशेबाची काठी अशीहि सूड घेते!

इंग्रजीचा 'टेलर' हा याच कुळांतला, म्हणजे कापणारा. 'रीटेल' म्हणजे तागा कापून किरकोळ विकणें, 'डीटेल' म्हणजे बारीक तुकडे करून सांगितलेली हकीकत. फ्रान्समध्यें जो जुना कर मुख्यतः सामान्य रयतेवरच बसे आणि ज्यांतून सरदार व धर्मोपदेशक बहुतेक सुटत, त्याचेंहि नांव 'ताय'च होतें. राज्यक्रांतींत तो गेला. एक गोष्ट मला गमतीची वाटते. फ्रेंच व इंग्रज लोकांनीं शिंप्याला कात्रीवरून नांव दिलें. संस्कृतानें 'सौचिक' म्हटलें तें सूचीवरून, म्हणजे सुईवरून. आणि मराठीनें 'शिल्पी' या शब्दावरून 'शिंपी' केलें, त्यांत ना कात्री ना सुई, नुसता कारागीर. ज्यानें हें नांव दिलें त्याला शिंप्याविषयीं आदर होता.

महासागर ओलांडून अमेरिकेंत गेल्यावर 'ताल्यार'नें आणखी वेष पालटला. मेक्सिकोंत बाई कपडे ताल्यार करिते म्हणजे घांसून धुते. मूल डोळे ताल्यार करितें म्हणजे चोळतें. कोरण्यांतील हत्याराची मागेंपुढें होणारी गति तेवढी राहिली आणि हत्यार गळून पडलें. कोलंबियांत नवा जोडा पायास 'ताल्यार' करितो. इंग्रजाचा जोडा चिमटा काढतो, आमचा जोडा चावतो, त्यांचा कोरतो. पाय सर्वांचे सारखेच दुखतात.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे, कारण व्युत्पत्तीचा नाद लागला म्हणजे प्रत्येक सारख्या तोंडवळ्याचा मनुष्य भाऊबंद वाटूं लागतो. स्पॅनिशमध्यें कारखान्याला 'ताल्येर' म्हणतात. तो 'ताल्यार'चा भाऊ नव्हे, तर फ्रेंच 'आतेलिये'वरून आलेला असून त्याचें मूळ लांकडाच्या ढलपीच्या नांवांत आहे. स्पेनची मोठी नदी 'ताखो' ही तलवारीच्या 'ताखो'शीं समोच्चारी खरी, पण तिचें लॅटिन नांव 'तागुस' असें होतें आणि त्याचा कापण्याशीं संबंध नाहीं. आणि उंचीच्या 'ताल्या'वरून इंग्रजीचा उंच या अर्थाचा 'टॉल' आठवेल, तोहि परकाच.

परंतु कांहीं नातीं अशीं असतात कीं तीं घरांतच असून दिसत नाहींत. संस्कृतांत 'क्लृप्' धातूपासून 'कल्पन' शब्द होतो. रचणें, योजणें हा त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. पण कापणें असाहि अर्थ कोशांत दिलेला आहे, आणि 'कल्पनी' म्हणजे कातर. मनुस्मृतींत स्नातकाचें वर्णन आहे त्यांत केस, नखें व दाढी नीट कापलेला या अर्थीं 'क्लृप्त' हेंच विशेषण योजिलें आहे. पालींत 'कप्पेति'. त्याच वाटेनें येत येत आमचें 'कापणें' झालें. म्हणजे विळीवरचें 'कापणें' आणि कवीची 'कल्पना' या सख्ख्या बहिणी. एक प्राकृतांतून झिजत झिजत स्वयंपाकघरांत आली, दुसरी संस्कृताच्या पोथींतून जशीच्या तशी माजघरांत येऊन बसली. स्पॅनिशमध्यें 'ताखार' व 'ताल्यार' यांनीं जी वांटणी केली तीच. 'तक्ष्' धातूचेंहि असेंच : त्याच्यापासून आमचें 'तासणें', आणि त्याचा ग्रीक सगोत्र 'तेक्तोन' म्हणजे सुतार, इंग्रजीच्या 'आर्किटेक्ट'मध्यें तोच सुतार मुख्य होऊन बसलेला आहे. वैदिक ऋषि आपलें सूक्त सुतारानें रथ घडवावा तसें 'तक्ष्' करितात, हें ज्यांनीं ऋग्वेद पाहिला आहे त्यांस माहीत आहे. घडवावयाचें तर आधीं कापावें लागतें, हें सर्वच जुन्या भाषांना ठाऊक होतेंसें दिसतें.

हें क्रियापद आमच्या दाराशींहि येऊन गेलें आहे, पण स्पेनकडून नव्हे, पोर्तुगालकडून. पोर्तुगीजमध्यें 'लि'चा 'ल्य'च होतो, म्हणून तेथें 'तल्यार' हें दत्तक नसून घरचेंच मूल आहे, आणि त्याच्याकडे खाटकाच्या दुकानापासून देवळापर्यंत सगळींच कामें आहेत. कोरून सोन्याचा वर्ख दिलेल्या लांकडी कामाला ते 'ताल्या दोरादा' म्हणतात. जुन्या गोव्यांत १५९४ ते १६०५ या काळांत बांधलेल्या बों जेजूस देवालयांत मुख्य वेदीमागें जमिनीपासून वरपर्यंत जी झळाळणारी भिंत दिसते ती या कामाची आहे. से कॅथीड्रलमध्यें संत कॅथरिनच्या चरित्रांतील प्रसंग असेच कोरलेले आहेत. आराखडे पोर्तुगालचे, परंतु पटाशी बव्हंशीं इकडच्याच माणसांच्या हातीं होती. पूजेच्या वस्तु व चित्रें अन्यधर्मीय कारागिरांकडून करवून घेऊं नयेत अशी मनाई गोव्याच्या धर्मपरिषदेस १५६७ सालीं करावी लागली, यावरून तीं कोणाकडून करवून घेतलीं जात होतीं हें उघड आहे. त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत आतां ख्रिस्ती कलेचें संग्रहालय केलेलें आहे; तेथें त्या काळच्या लांकडी मूर्ति हाताच्या अंतरावरून पाहतां येतात, आणि कित्येकींचे चेहरे व डोळ्यांची ठेवण लिस्बनची नसून अगदीं इकडची आहे.